ब्लेडवाल्याला लाइनवर उभं करायचं का?

कृत्रिम पाय लावलेला धावपटू आणि धडधाकट धावपटू एकाच शर्यतीत पळाले, तर अन्याय नेमका कोणावर? ऑलिंपिकच्या कोर्टकचेऱ्यांपासून थेट यवतमाळच्या मैदानापर्यंत येऊन पोहोचणारा हा सवाल...

एक छोटीशी क्विझ. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२४ साली, पुरुषांच्या लांब उडीचं सुवर्णपदक किती मीटरला गेलं? ८.४८. आपल्या जेस्विन ऑल्ड्रिनने २०२३ मध्ये केलेला भारतीय विक्रम किती? ८.४२. आणि त्याच २०२३ च्या जून महिन्यात जर्मनीतल्या मार्कुस रेम नावाच्या गड्याने किती लांब उडी मारली? तब्बल ८.७२!

मग हा पठ्ठ्या पॅरिस ऑलिंपिकच्या लांब उडीत दिसला का नाही? कारण रेमचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. चौदा वर्षांचा असताना वेकबोर्डिंग करताना अपघात झाला आणि पाय गेला. तो पळतो आणि उडी मारतो ती कार्बन फायबरच्या वाकड्या पात्यावरून. त्यालाच जगभर ‘ब्लेड’ म्हणतात. त्यामुळे त्याच्या वाट्याला आलं पॅरालिंपिक. तिथे त्याने २०१२ पासून सलग चार वेळा लांब उडीचं सुवर्ण खिशात घातलं. ऑलिंपिकचं दार मात्र बंद ते बंदच.

आता तुमच्या ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी हा विषय काढून बघा. दोन मिनिटांत दोन पार्ट्या पडतील. एक पार्टी म्हणणार, ‘अरे, ज्याला पायच नाही त्याला अडवता कसले? लाज वाटायला हवी!’ दुसरी म्हणणार, ‘बॉस, तो स्प्रिंगवर पळतोय. उद्या मी पण स्प्रिंग लावून येतो!’ गंमत म्हणजे दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच तर भल्याभल्यांना गेली अठरा-वीस वर्षं हा गुंता सुटलेला नाही.

यवतमाळला याचं काय?

तुम्ही म्हणाल, जर्मनीतला रेम, पॅरिसचं ऑलिंपिक... यात यवतमाळ कुठून आलं? सांगतो.

पुण्या-मुंबईत आपण ‘रनिंग’ करतो म्हणजे काय करतो? वजन कमी करतो, स्ट्रेस घालवतो, मेडल गळ्यात घालून फोटो टाकतो. यवतमाळ जिल्ह्यात धावणं म्हणजे भरती. पहाटे पाचला यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर चक्कर मारा. किंवा घाटंजी, पांढरकवडा, दारव्हा, उमरखेड, कुठल्याही गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर जा. ऊन चढायच्या आत पोट्टे आणि पोरी जीव तोडून पळताना दिसतील. कोणाच्या पायात चारशे रुपयांचे बूट, तर कोणाच्या पायात तेही नाहीत. पोलीस भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीतले २० गुण एकट्या मोठ्या धावेचे असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. तिथे दोन सेकंद म्हणजे नोकरी. ज्या घरात कापसाच्या भावावर वर्षाचं गणित ठरतं, तिथे त्या दोन सेकंदांची किंमत आपल्याला नाही कळायची.

दुसरं गणित सर्टिफिकेटचं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यामुळे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत मिळवलेलं प्रमाणपत्र इथे कपाटात लॅमिनेट करून ठेवलं जातं. पहिला, दुसरा, तिसरा यांना किंमत. चौथ्याला कोणी विचारत नाही.

आता याच मैदानावर एक मुलगा उभा करा. याच जिल्ह्यातला. एसटी स्टँडकडे जाताना ट्रकने उडवलं म्हणा, साप चावल्यावर दवाखाना गाठायला उशीर झाला म्हणा, त्याचा एक पाय गुडघ्याखाली गेला. गावाकडच्यांना अशी उदाहरणं नवीन नाहीत. हा मुलगा कृत्रिम पायावर पळायला शिकला. पळण्याचं त्याला वेडच आहे. पोलीस शिपायाच्या भरतीचा रस्ता शारीरिक पात्रतेपाशीच बंद. मग त्याने कुठल्या शर्यतीत पळायचं?

पुण्या-मुंबईत तरी मॅरेथॉनमध्ये दिव्यांगांसाठी छोट्या अंतराची वेगळी धाव असते. तालुक्याच्या गावी प्रजासत्ताक दिनाच्या शर्यतीला एकच गट असतो: ‘खुला’. खुला म्हणजे किती खुला, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा पडतो. स्वित्झर्लंडमधल्या कोर्टात तो खूप नंतर येतो.

एका पात्याची कोर्टकचेरी

ही सगळी भानगड सुरू झाली ती दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर पिस्टोरियसपासून. जन्मतः त्याच्या दोन्ही पायांत एक हाडच नव्हतं. अकरा महिन्यांचा असताना दोन्ही पाय गुडघ्याखाली कापले. पुढे हाच पोरगा ‘चीता’ नावाच्या ब्लेड लावून ४०० मीटर इतक्या झपाट्याने पळायला लागला, की धडधाकट धावपटूंबरोबर पळू द्या म्हणाला.

जागतिक ॲथलेटिक्स महासंघाला घाम फुटला. २००७ मध्ये त्यांनी नियम केला: स्प्रिंग, चाकं किंवा अशा कुठल्याही साधनाने इतरांपेक्षा जास्त फायदा मिळत असेल, तर ते चालणार नाही. मग जर्मनीतल्या कोलोनमध्ये प्राध्यापक ब्रुगेमन यांनी पिस्टोरियसच्या चाचण्या घेतल्या. निष्कर्ष असा, की तेवढ्याच वेगाने पळायला त्याला इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा लागते. १४ जानेवारी २००८ ला बंदी आली.

पिस्टोरियस गप्प बसला नाही. त्याने लोझानच्या क्रीडा लवादाकडे दाद मागितली. त्याच्या बाजूने शास्त्रज्ञांची दुसरी फळी उभी राहिली. त्यात एमआयटीचे ह्यू हर होते. गिर्यारोहण करताना हिमदंशाने त्यांचे स्वतःचे दोन्ही पाय गेलेले आहेत. त्यांचा मुद्दा सोपा होता. तुम्ही फक्त सरळ रेषेतल्या पळण्याची ऊर्जा मोजली. सुरुवातीचा स्टार्ट मोजला का? वळण मोजलं का? १६ मे २००८ ला लवादाने बंदी उठवली. एकूण फायदा होतो हे महासंघाला सिद्ध करता आलेलं नाही, असा तो निकाल होता.

बीजिंगची पात्रता वेळ मात्र त्याला गाठता आली नाही. चार वर्षांनी, ४ ऑगस्ट २०१२ ला लंडनच्या ऑलिंपिक ट्रॅकवर तो ४०० मीटरसाठी उभा राहिला. ४५.४४ सेकंदांत प्राथमिक फेरी पार. उपांत्य फेरीत शेवटचा. आणि शर्यत संपल्यावर ग्रेनाडाचा किरानी जेम्स, जो पुढे सुवर्ण जिंकला, तो त्याच्यापाशी गेला आणि दोघांनी छातीवरच्या नावाच्या पट्ट्या एकमेकांशी बदलल्या. स्टेडियमचा जीव भरून आला.

पण थांबा, खरा ट्विस्ट पुढे आहे. महिन्याभराने त्याच लंडनमध्ये पॅरालिंपिकच्या २०० मीटरमध्ये ब्राझीलच्या ॲलन ऑलिव्हेराने पिस्टोरियसला मागे टाकलं. २१.४५ विरुद्ध २१.५२. आणि पिस्टोरियस कॅमेऱ्यासमोर काय म्हणाला असेल? ऑलिव्हेराच्या ब्लेड फार लांब आहेत, त्याला अन्यायकारक फायदा मिळतो! आता बोला. ज्या तक्रारीशी तो चार वर्षं लढला, तीच त्याने दुसऱ्याविरुद्ध केली. नंतर त्याने बोलण्याच्या वेळेबद्दल माफी मागितली. मुद्दा सोडला नाही.

पिस्टोरियसचं पुढे जे झालं ते जगाला ठाऊक आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याने त्याची मैत्रीण रिव्हा स्टीनकॅम्पला गोळ्या घालून मारलं, खुनाच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला आणि जानेवारी २०२४ मध्ये पॅरोलवर बाहेर आला. तो हीरो म्हणून उरला नाही हे बरंच झालं. पण ब्लेडचा प्रश्न त्याच्या चारित्र्यावर अवलंबून नाही. तो प्रश्न त्याच्याशिवायही तसाच उभा आहे.

सायन्सचा फंडा

हा फायदा-तोट्याचा हिशेब नेमका काय आहे? फार डोकं न खाता समजून घेऊ.

आपण पळतो तेव्हा पोटरी, घोटा आणि टाचेच्या वरची शीर मिळून स्प्रिंगचं काम करतात. ती स्प्रिंग दाबली जाते, सुटते, शिवाय स्नायू स्वतःची ताकदही घालतात. ब्लेड फक्त दाबलं जातं आणि सुटतं. जितकी ऊर्जा घातली त्यातली बरीचशी परत देतं, पण स्वतःची एक पैही घालत नाही.

जमेची बाजू अशी. ब्लेड हलकं असतं, म्हणून पाय पुढे फेकायला कमी वेळ लागतो. पोटरीच नाही, तर ती थकणार कशी? ४०० मीटरच्या शेवटच्या शंभर मीटरमध्ये इतरांच्या पोटऱ्यांचे दगड होतात, तेव्हा ब्लेडवाला फ्रेश. खर्चाची बाजू अशी. ब्लॉकमधून उठताना घोट्याचा जोर नाही, त्यामुळे स्टार्ट मार खातो. वळणावर तोल सांभाळणं अवघड. पाऊस पडून ट्रॅक ओला झाला तर विचारूच नका. शिवाय मांडीखालचा तुकडा जिथे सॉकेटमध्ये बसतो, तिथे घाम, घासणं आणि फोड हे रोजचंच.

या जमाखर्चाची बेरीज किती? इथेच शास्त्रज्ञांचं फाटतं. पिस्टोरियसच्या बाजूने चाचण्या करणाऱ्या सात जणांच्या टीममध्येच पुढे दोन तट पडले. २००९ मध्ये पीटर वेयांड आणि मॅथ्यू बंडल म्हणाले, ४०० मीटरमध्ये याला दहा सेकंदांहून जास्त फायदा होतो. उरलेले म्हणाले, छे, सिद्धच होत नाही. आकडे तेच, माणसं तीच, आणि मतं दोन!

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपल्या यवतमाळच्या मुलासाठी ती फार महत्त्वाची आहे. हा सगळा राडा दोन्ही पाय नसलेल्या धावपटूंचा आहे. एकच पाय गेलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला एक जिवंत पाय आणि एक ब्लेड यांची चाल जुळवावी लागते. अशा धावपटूंवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की ब्लेडच्या बाजूचा पाय जमिनीला कमी जोर लावतो. म्हणजे सरळ धावण्यात त्याला घाटाच झाला. रेमची गोष्ट उडीची आहे, तो ब्लेडवरूनच टेक-ऑफ घेतो. २०१६ मध्ये तीन देशांच्या संशोधकांनी त्याला तपासलं, तेव्हा चित्र असं दिसलं: रनअपमध्ये तोटा, टेक-ऑफमध्ये फायदा. बेरीज कोणालाच छातीठोकपणे सांगता आली नाही.

उंची किती हवी, साहेब?

दोन्ही पाय कृत्रिम असले की आणखी एक गंमत होते. उंची किती ठेवायची हे ठरवता येतं! ब्लेड लांब केलं की ढांग लांब. मग पॅरा स्पर्धांमध्ये सूत्र आलं: हात, मांडी, धड यांची मापं घ्या आणि पाय असते तर उंची किती असती ते काढा. त्याहून उंच ब्लेड चालणार नाही. २०१८ पासून हे सूत्र आणखी कडक झालं.

अमेरिकेचा ब्लेक लीपर यात अडकला. त्याचेही दोन्ही पाय जन्मतः नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत, धडधाकट धावपटूंमध्ये, तो ४०० मीटरला पाचवा आला. टोकियोचं स्वप्न बघत असतानाच त्याला नकार मिळाला. ऑक्टोबर २०२० मध्ये लवादाने जो निकाल दिला, तो दोन्हीकडून कापणारा होता. एक, फायदा होत नाही हे धावपटूनेच सिद्ध करावं, हा २०१५ पासूनचा नियम बेकायदा. सिद्ध करायचं असेल तर महासंघाने करावं. दोन, लीपर मात्र त्याच्या नैसर्गिक उंचीपेक्षा जवळपास १५ सेंटिमीटर जास्त उंचीवर पळतोय, म्हणून त्या ब्लेडवर तरी परवानगी नाही.

लीपरच्या बाजूचा आक्षेपही बिनबुडाचा नव्हता. उंचीचं ते सूत्र गोऱ्या आणि आशियाई लोकांच्या मापांवरून बनवलेलं. लीपर कृष्णवर्णीय. मापाची पट्टीच ज्याच्यासाठी बनली नाही, त्याला त्या पट्टीने मोजायचं?

तुमच्या बुटांचं काय?

आता जरा स्वतःच्या पायाकडे बघू या. हो, तुमच्याच. गेल्या काही वर्षांत मॅरेथॉनवाल्यांमध्ये कोणत्या बुटांची क्रेझ आली? जाड फोम आणि आत कार्बनची प्लेट! तीच कार्बन, तीच स्प्रिंगची आयडिया, फक्त पायाच्या खाली. या बुटांनी विक्रम इतक्या भराभर मोडले, की जानेवारी २०२० मध्ये जागतिक महासंघाने मर्यादा घातली. तळवा ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको, प्लेट एकच. पोहण्यातही हेच झालं. २००८-०९ मध्ये हायटेक स्विमसूटनी विक्रमांचा पाऊस पाडला आणि २०१० पासून ते सूट बाद झाले.

बघा हं, यात कुठेच कोणी असं म्हटलं नाही, की बूट घालणारा माणूस खोटा किंवा तो खेळाडूच नव्हे. मोजलं, मर्यादा आखली, खेळ पुढे चालू. ब्लेडच्या बाबतीत मात्र वस्तूवर बोलण्याऐवजी आपण माणसाला बाहेर काढतो. ही खोच जरा विचार करण्यासारखी आहे.

आणि असं नाही की कृत्रिम पाय आणि ऑलिंपिक यांची गाठ कधी पडलीच नव्हती. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये जॉर्ज आयसर नावाच्या अमेरिकन जिम्नॅस्टने लाकडी पायावर सहा पदकं मिळवली, त्यातली तीन सुवर्ण. तेव्हा कोणी कोर्टात गेलं नाही. लाकडाची भीती कोणाला वाटणार? भीती वाटायला लागली ती पाय जिंकण्याइतका चांगला झाल्यावर.

अंतिल, गावित आणि पेटकर

आपल्याकडे काय? हरियाणाच्या सुमित अंतिलचं उदाहरण घ्या. २०१५ च्या अपघातात डावा पाय गेला. ५ मार्च २०२१ ला पतियाळाच्या इंडियन ग्रां प्रीमध्ये तो थेट नीरज चोप्राच्या स्पर्धेत भाला घेऊन उतरला. नीरजने त्या दिवशी ८८.०७ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. सुमित ६६.४३ मीटर फेकून सातवा आला. कोणाचंही काही बिघडलं नाही, स्पर्धा अपवित्र झाली नाही. त्याच वर्षी टोकियो पॅरालिंपिकमध्ये सुमितने ६८.५५ मीटरवर विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. मोठ्यांच्या रिंगणात उतरल्याने तो मोठा झाला, असं म्हणायला काय हरकत आहे?

आता आपल्या मातीतला माणूस: दिलीप गावित. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातला. लहानपणी झाडावरून पडला आणि उजवा हात कोपराखाली गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने ४०० मीटर ४९.४८ सेकंदांत जिंकलं आणि ते पदक भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं ठरलं! धावताना हाताचा तोल किती लागतो हे पळणाऱ्याला विचारा. दिलीप तो तोल एका हाताने सांभाळतो. त्याने उद्या खुल्या गटात नाव दिलं तर एकही माणूस आक्षेप घेणार नाही. का? कारण त्याच्याकडे जे नाही, त्या जागी त्याने काही लावलेलं नाही. म्हणजे कमतरता घेऊन या, स्वागत आहे. ती भरून काढून आलात तर चौकशी! गंमतच आहे की नाही?

‘मग त्यांच्या वेगळ्या स्पर्धा आहेत ना!’ हा पुढचा डायलॉग. आहेत, आणि त्या हव्यातच. पण वेगळं ठेवलं की काय होतं, हे सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांना विचारा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. १९७२ मध्ये ऑलिंपिक म्युनिकला झालं आणि पॅरालिंपिक त्याच देशात, पण वेगळ्या गावात, हायडेलबर्गला. तिथे पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. तुमच्या-आमच्यापैकी बहुतेकांना त्यांचं नाव कळलं ते २०२४ च्या ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमामुळे. सुवर्णपदक वेगळ्या गावात जिंकलं, की घरापर्यंत बातमी यायला पन्नास वर्षं लागतात.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. पॅरिस २०२४ मध्ये भारताने पॅरालिंपिकमध्ये २९ पदकं मिळवली, त्यात सात सुवर्ण. ही पदकं स्वतंत्र स्पर्धा होती म्हणून आली. सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं असतं, तर त्यातल्या बहुतेकांचं नावही आपल्याला कळलं नसतं. म्हणजे वेगळी शर्यत ही कधी शिडी असते, कधी भिंत. कोण वापरतंय यावर अवलंबून.

जयपूर फूट आणि लाखांचं पातं

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कोणी बोलत नाही. पैसा.

यवतमाळच्या त्या मुलाला पाय मिळेल तो बहुधा शिबिरात. केंद्राची एडिप योजना, कानपूरची ॲलिम्को कंपनी किंवा एखादी सेवाभावी संस्था. जयपूर फूट ही तर आपल्या देशाची कमाल आहे. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी साठच्या दशकाच्या शेवटी तो घडवला. मांडी घालून बसता येतं, उकिडवं बसता येतं, अनवाणी चिखलात जाता येतं. अभिनेत्री सुधा चंद्रन याच पायावर भरतनाट्यम नाचली. शेतकऱ्याच्या पोरासाठी याहून चांगला पाय नाही. पण तो घडवला चालण्यासाठी, वावरात काम करण्यासाठी. त्यावर धावता येतं, पण ४०० मीटरच्या शर्यतीतलं ब्लेड ते नव्हे. ते परदेशी बनावटीचं, काही लाखांच्या घरातलं. शिवाय मूल वाढतं तसं सॉकेट बदलायला हवं, तो खर्च वेगळा. पुण्यात १९४४ पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, पण ते प्रामुख्याने जवानांसाठी. घाटंजीच्या पोराने ब्लेड कुठून आणायचं?

म्हणजे बघा, जगात वाद चाललाय की ब्लेडमुळे जास्तीचा फायदा होतो का. यवतमाळात अजून पहिला फायदाच पोहोचायचा आहे!

मग करायचं काय?

‘दोन्ही बाजू बरोबर आहेत’ म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण शर्यतीची शिट्टी कोणाला तरी वाजवायचीच असते. म्हणून माझं मत सरळ सांगते.

गावची, तालुक्याची, कॉर्पोरेटची, कुठलीही ‘सर्वांसाठी’ असलेली धाव असेल, तर कृत्रिम पायाला नाही म्हणायचा प्रश्नच उद्भवत नाही. एकाच लाइनवर उभं करा, एकाच घड्याळाने वेळ मोजा. नोंद दोन ठिकाणी करा: एकूण क्रमांकात आणि दिव्यांग गटात. एकच स्पर्धक असला तरी त्याचा गट ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या तिसाव्या कलमात तर दिव्यांगांच्या खेळाची सोय करणं ही सरकारची जबाबदारीच सांगितली आहे. एक जादा रकाना आखायला कितीसा खर्च येतो?

जिथे सर्टिफिकेट आणि नोकरी पणाला लागलेली आहे, तिथे जरा काळजी हवी. तिसऱ्या नंबरसाठी छाती फुटेस्तोवर पळणारी घाटंजीची मुलगीही कोणाची तरी लेक आहे. तिला ‘मन मोठं कर’ सांगणं आपल्याला शोभत नाही, कारण आपलं काहीच जात नाही. म्हणून तिथे दोघांनाही प्रमाणपत्र द्या. कृत्रिम पायाचा धावपटू तिसरा आला, तर त्याला तिसरा म्हणा आणि त्याच्या मागच्या मुलीलाही तिसरी म्हणा. बरोबरी झाली की दोन खेळाडूंना एकच क्रमांक देतातच ना? दिव्यांगांसाठी सरकारी नोकरीत चार टक्के जागा कायद्याने वेगळ्या आहेतच, त्यामुळे कोणाच्या ताटातलं कोणी ओढून घेत नाही.

आणि ऑलिंपिक पातळीवर? तिथे माणूस मोजू नका, पातं मोजा. बुटाच्या तळव्याला मिलिमीटरची मर्यादा घालता येते, तर ब्लेडलाही घालता येईल. एका पायाच्या धावपटूला फायदा होतो असं धावण्यात दिसलेलं नाही, तर त्याला पळू द्या. दोन्ही पायांवर ब्लेड असेल तर उंचीचं सूत्र सगळ्या वंशांच्या मापांवरून नीट बनवा आणि त्यात बसणाऱ्याला घ्या. शंका असेल तर सिद्ध करण्याचं काम महासंघाचं. ज्याच्याकडे लॅब आहे, पैसा आहे, त्याने सिद्ध करावं. रेमने तर टोकियोच्या वेळी पदकाच्या हिशेबाबाहेर राहून उडी मारायचीही तयारी दाखवली होती. तीसुद्धा नाकारली गेली. यात मात्र कुठलं सायन्स होतं, ते मला खरंच कळलेलं नाही.

अशाने उद्या लोक मुद्दाम पाय कापून घेतील, असाही एक टोला हमखास ऐकू येतो. असं म्हणणाऱ्याने एकदा सॉकेटच्या आतला फोड बघावा. बस्स.

एक शेवटची गोष्ट. अमेरिकेचा हंटर वुडहॉल. दोन्ही पाय कृत्रिम. तो अर्कान्सा विद्यापीठाच्या टीमकडून धडधाकट मुलांबरोबर पळायचा, रीतसर स्कॉलरशिपवर. २०२४ मध्ये पॅरिसला त्याची बायको तारा हिने ऑलिंपिकमध्ये लांब उडीचं सुवर्ण जिंकलं आणि महिन्याभराने त्याच स्टेडियममध्ये हंटरने पॅरालिंपिकचं ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. घरी दोन्ही पदकं शेजारी शेजारी असणार. पण हंटर त्या पदकापर्यंत पोहोचला, कारण अठरा-एकोणीस वर्षांचा असताना कोणीतरी त्याला सगळ्यांबरोबर पळू दिलं.

येत्या २६ जानेवारीला आपल्या गावाकडे, आपल्या सोसायटीत किंवा आपल्या कंपनीत कुठेतरी एक धाव होणारच आहे. फॉर्म तुमच्यापैकीच कोणीतरी टाइप करणार आहे. नाव, वय, टी-शर्टचा साइज... त्याखाली अजून एक रकाना टाकायचा की नाही, हे लवादाला विचारायची गरज नाही. तेवढा निर्णय आपल्या हातात आहे.

झटपट बघा

१९०४: जॉर्ज आयसर, लाकडी पाय, सहा ऑलिंपिक पदकं.
२००८: पिस्टोरियसवर जानेवारीत बंदी, मे महिन्यात बंदी रद्द.
२०१२: पिस्टोरियस लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या उपांत्य फेरीत.
२०१४: रेम ८.२४ मीटर उडी मारून जर्मनीचा राष्ट्रीय विजेता, तरी युरोपियन स्पर्धेच्या संघात जागा नाही.
२०२०: लीपर प्रकरणात सिद्ध करण्याची जबाबदारी धावपटूवरून काढली, ब्लेड मात्र नामंजूर.
२०२१: सुमित अंतिल पतियाळात नीरज चोप्राच्या स्पर्धेत सातवा.
२०२३: दिलीप गावितचं ४०० मीटरचं सुवर्ण, हांगझोमध्ये भारताचं शंभरावं पदक.